‘वाटी बदलली’ म्हणजे नक्की काय बदललं?

प्रश्न असा आला आहे: ‘आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी-दारी सगळे “वाटी बदलली” म्हणतात, पण दवाखान्याच्या कागदावर वाटीचा उल्लेखही नाही. मग वाटी म्हणजे काय? नातेवाइकांना कळवताना मराठीत काय लिहावं? शिवाय सासूबाई गुडघ्याला ढोपर म्हणतात, आमच्याकडे ढोपर म्हणजे हाताचं कोपर. बरोबर कोण?’

आधी वाटीचं. गुडघ्यावर समोरून हाताला लागतं ते गोलसर सुटं हाड म्हणजे वाटी. पाय लांब करून बसा, मांडी अगदी सैल सोडा आणि वाटी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरा. ती डावी-उजवीकडे चांगली सरकते. आता मांडी आवळा. वाटी वर खेचली जाते आणि जागच्या जागी घट्ट बसते. कारण मांडीच्या पुढच्या स्नायूंची जी दोरी खाली नडगीच्या हाडाला जाऊन बांधलेली असते, त्या दोरीतच हे हाड ओवलेलं आहे. विहिरीच्या रहाटावरून दोर वळला की ओढायला सोपं जातं, तसंच काहीसं काम वाटी करते. दोरी सांध्यापासून थोडी पुढे उचलून धरते, म्हणून पाय सरळ करायला जोर कमी लागतो. जन्मलेल्या बाळाच्या गुडघ्यात ती असते, पण नुसती कूर्चा, म्हणजे हाड होण्याआधीचा मऊ, लवचीक भाग. तिचं हाड व्हायला साधारण तिसरं वर्ष उजाडतं, कधी त्याहून उशीर होतो.

गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये मुख्यतः बदलतात ते वेगळंच. मांडीच्या हाडाचं खालचं टोक झिजलेलं असतं, ते तासून त्यावर धातूचं टोपण बसवतात. नडगीच्या हाडाचा माथा सपाट कापून त्यावर धातूची बैठक आणि त्या बैठकीवर टणक प्लास्टिकची चकती. वाटी बहुधा जागच्या जागी राहते. काही सर्जन तिच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची छोटी टिकली लावतात, काही तेही करत नाहीत. माझ्या मावशीने ऑपरेशननंतर डॉक्टरांना विचारलं होतं, ‘जुनी वाटी टाकून दिलीत का हो?’ ते म्हणाले, ‘मावशी, वाटी तुमचीच आहे, हात लावून बघा.’ तिचा विश्वास बसला नाही. गल्लीत ती अजून ‘माझ्या दोन्ही वाट्या नव्या’ असंच सांगते.

तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सांध्याच्या आतलं कुणाला दिसतं? बाहेरून हाताला लागते ती वाटी, म्हणून सगळ्या सांध्यालाच वाटी म्हणायची सवय पडली. आपण ‘चहाला या’ म्हणतो तेव्हा नुसता चहा थोडाच देतो. मात्र ‘वाटी सरकली’ किंवा ‘पडून वाटी फुटली’ असं कुणी म्हणालं तर ते शब्दशः खरं असू शकतं. ते हाड खरोखर बाजूला सरकतं आणि थेट गुडघ्यावर आपटलं तर फुटतंही.

गंमत म्हणजे वाटी आणखी एका जागी आहे आणि तिथे ती नावाला जास्त शोभते. खुब्यात. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतं. तिच्यात काहीतरी ठेवता येईल अशी ही खरी वाटी. गुडघ्याची वाटी मागून पाहिली तर पोकळ नसतेच, मध्ये उभा उंचवटा असतो. लॅटिनवाल्यांनाही या दोन्ही जागी भांडीच दिसली. गुडघ्याच्या वाटीचं त्यांचं नाव ‘पटेला’, म्हणजे लहानसं पसरट ताट. खुब्यातल्या खळग्याला ‘ॲसिटॅब्युलम’, म्हणजे जेवणाच्या वेळी व्हिनेगर वाढायचं भांडं.

आपल्याकडे तर ही भांडी फार जुनी आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हाडांचे पाच प्रकार दिले आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. जानु, म्हणजे गुडघा, कपालात येतो. कपाल म्हणजे खापर, भिक्षापात्र. बरगड्या वलयात, दात रुचकात, नाका-कानाची मऊ हाडं तरुणात. उरलेली सगळी नलक. हा नलक आजही रोज भेटतो. मटणाच्या दुकानात ‘दोन नळ्या टाका’ म्हणतो ती नळी तीच. (सुश्रुताची हाडं भरतात 300, चरकाची 360. चरक नखंसुद्धा धरतो. आजच्या हिशेबाने मोठ्या माणसात 206.)

सांध्यांचे सुश्रुताने आठ प्रकार केले. त्यातला एक ‘उलूखल’, म्हणजे उखळ. काखेतला आणि जांघेतला सांधा त्यात येतो, म्हणजे आपला खांदा आणि खुबा. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘उखळीचा सांधा’ वाचून मला वाटायचं की कुणीतरी इंग्रजी शब्दासाठी बसून बनवला असेल. पण आपल्याकडच्या वैद्यांना तिथे उखळ फार पूर्वीच दिसलं होतं. त्याच पुस्तकातला ‘बिजागरीचा सांधा’ कोपर-गुडघ्यासाठी, तोही झकास. दार जसं एकाच अंगाने उघडतं-मिटतं तसा. गुडघा वाकलेला असताना थोडा पिळतोही, पण शाळेत तेवढं चालतं.

एकदा असं पाहायला लागलं की थांबवत नाही. पेर उसाला असतं आणि बोटाला. पोटरी पायाला असते, आणि कणीस बाहेर पडण्याआधी ज्वारीही पोटरीत येते. मणक्यांमधली चकती असो की गुडघ्यातली, सगळ्यांना आपण ‘गादी’ म्हणतो. सांध्यातला चिकट द्रव कमी झाला की ‘वंगण संपलं’. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांच्या हाताशी घर, शेत आणि बैलगाडी होती.

आता ढोपर. मी हा शब्द दोन्ही अर्थांनी ऐकला आहे आणि दोन्हीकडची माणसं समोरच्याला वेड्यात काढतात. काही घरांत ‘हाताचं ढोपर, पायाचं ढोपर’ असा सरळ तोडगा काढलेला असतो. वाकवलं की टोक बाहेर काढणारे हे दोनच मोठे सांधे, आणि पडल्यावर पोरांची सोलवटतात तीही हीच दोन टोकं, त्यामुळे नाव एकमेकांत गेलं तर नवल नाही. सुश्रुतानेही जानु आणि कूर्पर सांध्यांच्या एकाच गटात घातले आहेत, त्याचं नाव ‘कोर’. कूर्परापासून आपलं कोपर आलं. त्याच्या अर्थाबद्दल मात्र कुठेच भांडण नाही. कोपरापासून नमस्कार हातानेच करतात आणि कोपराला लावलेला गूळ कुणाच्याच जिभेला लागत नाही. तेव्हा सासूबाई बरोबर आणि तुम्हीही बरोबर. फक्त दवाखान्यात ‘ढोपर दुखतंय’ म्हणताना बोट लावून दाखवा.

राहिलं काय लिहायचं ते. वर्तमानपत्रं ‘गुडघा प्रत्यारोपण’ लिहितात. मला तो शब्द मूत्रपिंडासाठी राखून ठेवावासा वाटतो, कारण तिथे एका माणसाचा अवयव दुसऱ्यात जातो. इथे तर धातू आणि प्लास्टिक. ‘सांधेबदल’ रुळलेला आहे, छोटा आहे आणि खराही आहे. तुमच्या घरात कुणी रेल्वेतलं असेल तर तेवढं हसेल, कारण त्यांच्याकडे सांधा बदलला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते. नातेवाइकांना ‘आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला’ असं कळवा. डावा असेल तर डावा. आईला मात्र वाटीच म्हणू द्या.