बाकी नाही, तरी पत्रात ‘थकबाकी’!

प्रश्न : आमच्या बागायतदार संस्थेची सभासदांना पत्रं वर्डच्या मेल मर्जमधून, म्हणजे एकाच मसुद्यात यादीतली माहिती आपोआप भरणाऱ्या सोयीतून काढतो. बाकी असेल तर ‘कृपया थकबाकी भरावी’, नसेल तर ‘आभारी आहोत’, अशी इफची अट घातली. बाकीदारांना नुसतं ‘कृपया’ येतं आणि बाकी नसलेल्यांना ‘थकबाकी’!
– एक वाचक, देवगड

उत्तर : ही पत्रं अजून टपालात टाकली नसतील तर थांबवा. पै न पै भरलेल्या बागायतदाराच्या हाती ‘थकबाकी’ पडणं बरं नाही.

तुमची अट बरोबर आहे, अवतरणचिन्हं राहिली आहेत. ती नसली की वर्ड पहिला शब्द ‘असेल तर’चा मजकूर धरतं, दुसरा ‘नसेल तर’चा. आल्ट आणि एफ-नाइन दाबा, फील्डचा कोड, म्हणजे तुमच्या अटीचा मूळ मजकूर, उघडा पडेल. दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या दुहेरी अवतरणांत घाला. ‘पेक्षा जास्त’च्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा. कोडभोवतीचे महिरपी कंस मात्र हाताने टाइप करू नका, ते निव्वळ अक्षरं ठरतात. कंट्रोल आणि एफ-नाइनने घ्या. लॅपटॉपवर सोबत एफएनची कळ लागेल कदाचित.

पुढे रकमेऐवजी ‘आहे/नाही’ अशी अट घालणार असाल तर एक्सेलच्या यादीमध्ये ‘आहे’नंतर चुकून पडलेली मोकळी जागा शोधा. डोळ्यांना दिसत नाही, पण तेवढ्याने अट फसते.

मग आल्ट-एफ-नाइन पुन्हा दाबून प्रिव्ह्यूमध्ये एक बाकीदार आणि एक बिनबाकीचा सभासद तपासा.