दुहेरीवर कारकीर्द उभी राहते का?

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा राज्य पातळीवर टेनिस खेळतो. त्याने आता दुहेरीकडे अधिक लक्ष द्यावे, असे त्याचे प्रशिक्षक सुचवतात. एकेरीत जमले नाही म्हणून दुहेरी, असेच आम्ही ऐकत आलो आहोत. हा सल्ला मानावा का? – एक पालक, सातारा

उत्तर : प्रशिक्षकांचा सल्ला विचारात घेण्याजोगा आहे, परंतु एकेरी सोडून देण्याची घाई करू नये. रोहन बोपण्णाची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मूळचा कोडगूचा आणि उमेदवारीच्या काळात पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे शिकलेला हा खेळाडू एकेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेतही कधी आला नाही. मात्र दुहेरीत २०१० साली ऐसाम उल हक कुरेशीसह त्याने अमेरिकन ओपनची अंतिम फेरी गाठली आणि २०१७ मध्ये गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. मधल्या काळात गुडघ्यांतील कूर्चा इतकी झिजली होती की खेळ थांबवण्याचीच वेळ आली होती; अय्यंगार योगाने आपल्याला सावरले, असे तो स्वतः सांगतो. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसलेसह सुवर्ण आणि जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, मॅथ्यू एब्डेनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपनचे विजेतेपद व जागतिक क्रमवारीतील पहिले स्थान त्याने मिळवले.

एवढ्या वयापर्यंत टिकता येते, याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. दुहेरीत निम्मेच कोर्ट सांभाळायचे असते आणि रॅली, म्हणजे एका गुणासाठीची फटक्यांची देवाणघेवाण, सहसा चार-पाच फटक्यांत संपते, त्यामुळे धावण्याच्या दमापेक्षा सर्व्हिस, व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) आणि विशेषतः रिटर्न (सर्व्हिसला दिलेला परतीचा फटका) यांना मोल येते. एकेरीत उंचावरून खोल मारलेला रिटर्न चालून जातो. दुहेरीत जाळीपाशी उभा असलेला प्रतिस्पर्धी तोच चेंडू जागच्या जागी संपवतो, म्हणून चेंडू जाळीला लगटून, सर्व्हिस करून पुढे धावणाऱ्याच्या पायांशी टाकावा लागतो. हे कसब वेगळ्या सरावानेच येते. दुहेरीला कमी लेखणाऱ्यांनी असा एक रिटर्न मारून पाहावा.

पैशाचे गणित मात्र कठोर आहे. बोपण्णाने जिंकलेल्या त्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुरुष एकेरीच्या विजेत्याला ३१,५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, तर दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून ७,३०,०००. खालच्या पातळीवरील स्पर्धांत तर प्रवासखर्चही निघणे अवघड असते. शिवाय मोठ्या स्पर्धांतील प्रवेश दोघांच्या क्रमवारीवर ठरत असल्याने साथीदार बदलला की गणितही बदलते.

म्हणून आणखी काही वर्षे मुलाला एकेरी खेळू द्यावी, कारण फटक्यांची भक्कम बैठक तिथेच तयार होते. त्याबरोबर आठवड्यातील दोन दिवस दुहेरीच्या रिटर्न-व्हॉलीसाठी राखून ठेवावेत, आणि शक्य तोवर प्रत्येक स्पर्धेत नवा जोडीदार शोधण्याऐवजी एकाच मुलाबरोबर वर्षभर खेळवावे.