आधी वाजव, मग बोल

चि. ...स,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप वाचला. मेट्नर हा रशियन संगीतकार खरंच आवडतोय की आवडल्याचं नाटक करतेय हेच कळत नाही, असं लिहिलंयस. बाकी सगळे शोपँ आणि राखमानिनॉव्हच्या मागे असताना आपण कोणाच्या गावी नसलेला माणूस शोधून काढला, त्याचीच ही नशा नसेल ना, ही तुझी धास्ती. प्रश्न प्रामाणिक आहे, पण तू तो सोफ्यावर बसून, कानाला हेडफोन लावून विचारलायस. पियानोपुढच्या स्टुलावर बसून विचार. आधी वाजव, मग बोल.

निकोलाय मेट्नर (1880–1951) पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. राखमानिनॉव्हची धून दाराशी येऊन उभी राहते. मेट्नरची धून बऱ्याचदा मधल्या आवाजात असते, उजव्या हाताच्या अंगठ्याखाली, आणि वर-खाली इतकं काही चाललेलं असतं की नुसतं ऐकणाऱ्याला सगळी गर्दीच वाटते. तुझ्या मैत्रिणीने म्हटलं ना, 'राखमानिनॉव्हच आहे, फक्त चाली नाहीत'? पूर्वीपासून लोक हेच म्हणत आलेत. मी तिच्यावर चिडत नाही. तिने वाजवून बघितलं नाही, एवढंच. अंगठ्याला थोडं जास्त वजन दिलं, बाकीची चार बोटं मागे ठेवली, की तीच गर्दी बाजूला होते आणि आतली ओळ गायला लागते. हे बोटांना आधी कळतं, कानाला मागाहून.

आणि तू उघडलंस काय, तर 'रात्रीचा वारा' हा ई मायनर सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोची मोठी रचना! अगं, अर्ध्या तासाच्या वर न थांबता चालणारी चीज आहे ती. सुरुवातच पंधरा-आठच्या तालात, म्हणजे एका खंडात पंधरा छोट्या मात्रा. पहिलं पान पाहून तुला 'आपल्याला हे कळतच नाही' असं वाटलं, यात नवल काय? मिटून ठेव. त्याचे 14 सोनाटा कुठे पळून जात नाहीत. तू स्काझ्कींपासून सुरुवात कर. छोट्या कहाण्या आहेत, तीसच्या वर लिहिल्यात त्याने. ओपस, म्हणजे रचना क्रमांक, 26 मधली तिसरी, एफ मायनर, घे. जेमतेम तीन मिनिटांची. वर सूचना लिहिली आहे ती सांगितल्यासारखं, आपल्या मर्जीने वाजवण्याची. तेव्हा लय मोजणारा मेट्रोनोम बंद. डावा हात वेगळा, उजवा वेगळा, मग दोन्ही, निम्म्याहून कमी लयीत. हात बसेपर्यंत रेकॉर्डिंग ऐकायचं नाही. मुळीच नाही. कागदाला पैसे पडत नाहीत: तो 1951 साली गेला, आपल्याकडचा साठ वर्षांचा प्रताधिकार कधीच संपला. प्रिंट काढ, स्पायरल करून घे, पेन्सिलने बोटांचे आकडे लिही.

ती बसली की ओपस 34 मधली दुसरी. तिच्या डोक्यावर त्याने त्युत्चेव्ह या रशियन कवीची ओळ घातली आहे: जे आपलं म्हणत होतो ते कायमचं निघून गेलं, अशा अर्थाची. डावा हात अखंड धावत असतो, आणि त्यावर उजव्या हातात सरळ, जवळजवळ साधी म्हणावी अशी धून. सगळी गंमत डाव्या हातात आहे. तो खडखडला तर संपलं. मनगट सैल, बोटं पट्ट्यांना चिकटून. पहिले काही दिवस फक्त डावा हात वाजव आणि धून तोंडाने गा. घरचे हसतील, हसू देत.

तुझा दुसरा मुद्दा, की एवढा मोठा होता तर लोकांना माहीत कसा नाही. याचा मला खरं सांगू का, कंटाळा आलाय. पण एकदा सांगतो. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतून 1900 साली सुवर्णपदक घेऊन बाहेर पडलेला हा मुलगा मैफलींचा राजरस्ता सोडून लिहायला बसला. 1921 मध्ये रशिया सोडली. मग जर्मनी, फ्रान्स, शेवटी लंडन. जग नव्या वाटेने निघालं होतं, हा जुन्या स्वरबंधाला चिकटून राहिला, वर 1935 मध्ये नव्यांच्या विरोधात पुस्तकही लिहिलं. बाजारात कोण विचारणार? महायुद्धात जर्मन प्रकाशकाकडून येणारे पैसेही थांबले. पण त्याला मानणारे कोण होते बघ. राखमानिनॉव्हने आपला चौथा कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना, त्याला अर्पण केला. मोइसेविच, होरोविट्झ, गिलेल्स यांनी त्याच्या रचना वाजवल्या. सगळी पियानोपुढे आयुष्य घालवलेली माणसं. टीकाकारांनी नव्हे, वाजवणाऱ्यांनी त्याला जिवंत ठेवलं.

आणि म्हैसूर! हे तुला कोणी सांगितलं नसेल. जयचामराज वाडियार, 1940 मध्ये विशीतच गादीवर आलेले. पुढे कर्नाटक संगीतात कृती रचणारे हे महाराज पाश्चात्त्य पियानोही रीतसर शिकलेले होते. त्यांच्या पैशातून लंडनला मेट्नर सोसायटी उभी राहिली, आणि 1947 पासून एचएमव्हीने खुद्द मेट्नरच्या हातचं रेकॉर्डिंग केलं. वय सदुसष्ट, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, आणि फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबर तिन्ही कॉन्चेर्तो त्याने स्वतः वाजवले. तिसरा महाराजांना अर्पण आहे. राजाने पैसे दिले याचं लोकांना कौतुक. माझं म्हणणं वेगळं: राजा वाजवणारा होता म्हणून पैसे योग्य जागी गेले. नुसता श्रोता असता तर शोपँवर खर्च केले असते.

मला माहीत आहे, माझ्याबद्दल काय बोललं जातं. सर परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या हातीही हा रशियन देतात, त्यांचे मार्क जातात. गेले असतील एखाद्याचे. पण त्याच पोरांच्या आतल्या आवाजाला वजन आलं, एका हातात तीन तर दुसऱ्यात दोन असा तिनास दोनचा ताल अंगी मुरला, आणि मग त्यांचा ब्राह्म्स ऐकण्यासारखा झाला, हे कोणी मोजत नाही. मी माझं धोरण बदलणार नाही. खंत आहे ती वेगळीच. 'रात्रीचा वारा' मी अथपासून इतिपर्यंत कधी वाजवू शकलो नाही, आणि आता सांधे ऐकत नाहीत. पन्नाशीच्या आत व्हायला हवं होतं ते. बाकी मैफली, नाव, ते राहिलं तर राहिलं.

वर्षभराने 'सोनाटा रेमिनिसेन्झा' काढ, ए मायनर, एकाच अंगाचा. जुन्या वह्यांमधल्या टिपणांतून त्याने 'विसरलेल्या धुना' नावाची मालिका रचली, तिची सुरुवात याने होते. पहिली लहर सोनाट्यात पुन्हा येते, शेवटी येते, आणि मालिकेच्या शेवटच्या तुकड्यात परत डोकावते. प्रत्येक वेळी तीच लहर, पण मधे जे घडलंय त्यामुळे हात आपोआप वेगळा पडतो. तो वेगळा कसा पडतो ते मी लिहून सांगणार नाही. गिलेल्सचं 1968 चं रेकॉर्डिंग आहे, अप्रतिम. पण ते नंतर!

डिसेंबरात घरी पाहुणे जमतील तेव्हा एफ मायनर वाजवणार म्हणतेस. वाजव. फक्त आधी उभं राहून 'हे एक दुर्लक्षित संगीतकार आहेत' असं भाषण ठोकू नकोस. दोन परिचित तुकड्यांच्या मधे ठेव, नाव न सांगता. कोणी विचारलं तर सांग.

तुझा,
सर

ता. क. पावसापासून पियानोचा मधला एफ अडकतो म्हणालीस. एफ मायनर वाजवायचं आणि एफ अडकलेला! आधी ट्यूनरला फोन कर.