हार्डी किवी: फुलं येतात, फळं का येत नाहीत?

न्यू जर्सीत बॅकयार्डमधे हार्डी किवी, म्हणजे कडक थंडीत टिकणारा बारक्या फळांचा किवीचा वेल, लावून पाच वर्षं झाली. यंदा वेल फुलांनी लगडला पण फळ एकही धरलं नाही, खत कमी पडतंय का?

खत राहू दे, आधी फूल बघा. आपल्याकडची करटोली आठवते ना, नर वेल वेगळा नि मादी वेल वेगळा? तीच भानगड इथे. फुलं खाली तोंड करून लोंबतात त्यामुळे हाताने वर करून बघावं लागतं. मधोमध पांढऱ्या काड्यांची चांदणी दिसली तर मादी, नुसतेच काळपट परागकोश आणि मधे काही नाही तर नर. गंमत म्हणजे मादी फुलातही परागकोश असतात, दिसायला अगदी खरे, पण त्यातला पराग फुकट, त्याने फळ धरत नाही. आणि टॅगवर जाऊ नका हो, मी एका नर्सरीतून नर-मादी अशी जोडी म्हणून आणलेले दोन्ही वेल चौथ्या वर्षी फुलले तेव्हा कळलं की दोघेही नर, चार वर्षं पाणी घालतेय आणि शेजारणीला सांगतेय की पुढच्या वर्षी किवी देते! तुमचा वेल मादी निघाला तर जवळच एक नर लावा, एक नर सहा-आठ माद्यांना पुरतो.

आमच्याकडे नर-मादी दोन्ही आहेत, एकदमच फुलतात, तरी फळं थोडी आणि बारकी. मधमाश्या तर फिरकतच नाहीत.

नाहीच फिरकणार, कारण या फुलात मध जवळजवळ नसतोच, त्या आपल्या बाजूच्या क्लोव्हरवर जातात. मग मधमाशीचं काम आपण करायचं. मी आधी मुलाचा जुना वॉटरकलरचा ब्रश घेऊन स्टुलावर चढायचे, अर्धा पराग ब्रशलाच चिकटून बसायचा, आता सरळ सकाळचं दव वाळलं की नराचं ताजं उमललेलं फूल तोडते, पाकळ्या काढून टाकते आणि मादीच्या त्या चांदणीवर हलक्या हाताने गोल फिरवते. एका नर फुलात चार-पाच मादी फुलं उरकतात. मादी फूल काही दिवस पराग घेतं, म्हणून एक दिवसाआड दोन-तीनदा करा, सगळी फुलं एकदम थोडीच उघडतात. बारक्या फळाचं कारणही हेच, जितका पराग पोचेल तितक्या बिया आणि जितक्या बिया तितकं फळ मोठं. पाऊस लागून राहिला तर मात्र इलाज नाही.

जागा एकाच वेलापुरती आहे. हार्डी किवीची इस्साई ही जात लावू का?

लावा. एकटी फळते, वेलही आटोक्यात राहतो. थंडीला जरा नाजूक, आणि जवळ नर असला तर तीही जास्त फळते.

दर हिवाळ्यात वेल जमिनीपासून फूटभर ठेवून कापतो, फुलंच येत नाहीत.

अहो दादा, फुलंच कापताय तुम्ही! गेल्या वर्षीच्या काडीतून जी नवी फूट निघते तिच्यावर कळी येते, काडीच नाही तर कळी कुठून येणार? मुख्य खोड ठेवा, त्याच्या दोन फांद्या तारांवर दोन बाजूंना पसरवा, जुन्या फळलेल्या फांद्या काढा, गेल्या वर्षीच्या ठेवा. आणि हे कडाक्याच्या थंडीतच उरका, उशीर केला तर कापलेल्या जागेतून पाणी गळत राहतं. नर मात्र फुलून झाल्यावर छाटायचा. मांडव दणकट हवा, एका सीझनला वीस फूट सहज जातो. मॅसाच्युसेट्समधे लेनॉक्सच्या जंगलात हाच वेल मोकाट सुटून मोठ्या झाडांवर चढलाय, तेव्हा लावण्याआधी आपल्या राज्याचे नियम बघून घ्या.

शेजारचं मांजर येऊन रोपाशी लोळतं, बुंधा कुरतडतं.

मांजरांना या वेलाची नशा चढते, कॅटनिपसारखी. पहिली दोन वर्षं भोवती जाळी लावा.

डिसेंबरात पुण्याला चाललेय, आईच्या गच्चीसाठी एक रोप नेऊ का?

नको गं. सरकारी कागदपत्रांशिवाय रोप नेता येत नाही ते वेगळंच, पण या वेलाला हिवाळाभर कडक थंडीची झोप लागते, पुण्यात ती कुठली मिळायला. आईला करटोलीचे कंद आणून दे, फक्त देणाऱ्याला नराचा कुठला नि मादीचा कुठला ते विचारून घे आणि वर मार्करने लिहून ठेव.