दहावीतल्या भाचीला लढाऊ विमान चालवायचंय. मामानं सुरुवात कुठून करावी?

तुमची भाची दहावीला आहे, तालुक्याच्या गावी राहते, घरात कुणी सैन्यात नाही, आणि तिला हवाई दलात लढाऊ विमान चालवायचंय. कोणता क्लास लावू, असं तुम्ही विचारलंय.

क्लासचं नंतर बघू. आधी घरातली मोजपट्टी काढा.

हवाई दलाच्या वैमानिकाला उंची किमान १६२.५ सेंमी लागते. मुलींना यात सूट नाही. पाळी सुरू झाल्यावर दोनेक वर्षांत मुलींची उंची बहुतेक थांबते, त्यामुळे दहावीतली उंची ही जवळजवळ शेवटचीच समजा. अनवाणी उभं करून टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरा आणि पेन्सिलीनं खूण करा. मग तिला भिंतीला पाठ लावून जमिनीवर पाय सरळ पसरून बसवा. भिंतीपासून टाचेपर्यंत ९९ ते १२० सेंमी भरलं पाहिजे. स्टुलावर बसवून भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतची मांडी ६४ सेंमीच्या आत हवी, आणि बैठकीपासून डोक्यापर्यंतची उंची ८१.५ ते ९६ सेंमी. हे आकडे कॉकपिटच्या मापावरून आलेत. पाय आखूड असले तर रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलपर्यंत पूर्ण पोचत नाहीत. मांडी लांब असली तर संकटात आसनासकट विमानाबाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटतात.

उंची १५७ भरली तर आजच सांगा, नीट बसवून सांगा. चार वर्षं तयारी करून घेऊन वैद्यकीय तपासणीत कळू देणं हा त्या मुलीवर अन्याय आहे. हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखांना उंचीची अट बरीच कमी आहे, तो रस्ता तिला खुला राहतो.

दुसरी तपासणी डोळ्यांची. चष्म्याच्या दुकानातल्या तपासणीवर थांबू नका. नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन डोळ्यांत थेंब घालून नंबर काढून घ्या. या वयात डोळ्याचा स्नायू स्वतःच जोर लावून नजर जुळवून घेतो आणि खरा नंबर झाकला जातो. थेंबांनी तो स्नायू सैल पडतो. वैमानिकाला एका डोळ्यानं ६/६ आणि दुसऱ्यानं निदान ६/९ दिसावं लागतं. लांबचं दिसायला उणे नंबर लागत असेल तर एनडीएतून, म्हणजे बारावीनंतरच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, उड्डाण शाखा मिळत नाही. रंगांची तपासणीही तिथंच करून घ्या, ठिपक्यांतले आकडे ओळखायची. रंगदृष्टीतला दोष पुढे दुरुस्त होत नाही.

लेसर करून नंबर घालवू, असं घरात कुणीतरी म्हणणारच. एनडीएला ते चालत नाही. पदवीनंतरच्या प्रवेशाला चालतं, पण शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची जाडी, डोळ्याची लांबी, शस्त्रक्रियेनंतर गेलेला काळ अशा अटी आहेत. त्यामुळे सतराव्या वर्षी घाईनं लेसर करणं म्हणजे पुढचं दारही बंद करणं. आज नंबर नसेल तर तो लागू नये म्हणून रोज दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात तिला खेळू द्या. अभ्यास कितीही असला तरी हे दोन तास कापू नका. उजेडात जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांना चष्मा कमी लागतो, हे तपासून सिद्ध झालेलं आहे.

सोबत रक्तातलं हिमोग्लोबिन, कानातला मळ, नाकाचं वाकडं हाड, दात आणि पाठीचा कणा बघून घ्या. मळ, दात, हिमोग्लोबिन वेळेत सुधारतात. दुर्लक्ष झालं तर यातल्याच किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरून मुलं अडकतात.

एवढं जुळलं की मग रस्ते.

अकरावीला भौतिक, रसायन आणि गणित तिन्ही घ्यायचे. 'जीवशास्त्र ठेव, मेडिकलचा पर्याय राहील' म्हणून गणित सोडलं की उड्डाण शाखा तिथंच संपते.

पहिला रस्ता खडकवासल्याच्या एनडीएचा. मुलींची पहिली तुकडी तिथं २०२२ साली दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. परीक्षा वर्षातून दोनदा, यूपीएससीची, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६०० गुणांची आणि मुलाखत मंडळाचे ९०० गुण. गणितात १२० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. बोर्डाच्या पद्धतीनं पायऱ्या लिहीत बसणारी हुशार मुलगी इथं अर्ध्यातच अडते. उत्तराला अडीच गुण, चुकलं की ०.८३ वजा. येतील तेवढेच सोडवायची सवय घड्याळ लावून घातली पाहिजे.

एक गोष्ट क्लासवाले सहसा सांगत नाहीत. अलीकडच्या जाहिरातींत हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या ९२ जागांपैकी मुलींना २ आहेत. देशभरातून दोन. म्हणून माझं स्पष्ट मत: एनडीए जरूर द्यावी, पण मुलीसाठी खरा रस्ता एएफकॅटचा, म्हणजे हवाई दलाच्या पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षेचा, धरून चालावं. पदवी ६० टक्क्यांनी, बारावीला गणित आणि भौतिकमध्ये प्रत्येकी ५० टक्के, वय २० ते २४. शंभर प्रश्न, दोन तास, बरोबर उत्तराला तीन गुण आणि चुकीला एक वजा. यातून मिळणारी नेमणूक १४ वर्षांची असते. महाविद्यालय निवडताना एनसीसीची एअर विंग कुठे आहे ते बघा. 'सी' प्रमाणपत्र असलेल्यांना लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखत मंडळापुढे जायचा वेगळा मार्ग आहे.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. मुलाखत मंडळात वैमानिक होऊ पाहणाऱ्यांची संगणकावर एक चाचणी होते, सीपीएसएस. ती आयुष्यात एकदाच देता येते. सतराव्या वर्षी एनडीएच्या वेळी नापास झाली तर बाविसाव्या वर्षी एएफकॅटमधूनही हवाई दलात उड्डाण मिळत नाही. म्हणून 'जाऊन तर बघू, अनुभव मिळेल' म्हणून तिला पाठवू नका. रात्रभर जनरलच्या डब्यात बसून सकाळी केंद्रावर, असंही नको.

या चाचणीत विमानाची उपकरणं वाचायची असतात आणि हातापायांचा मेळ बघितला जातो. उंचीमापक घड्याळासारखा असतो. लांब काटा शेकडे दाखवतो, आखूड काटा हजार. ४,८०० फुटांवर आखूड काटा जवळजवळ ५ वर आलेला असतो आणि लांब काटा ८ वर. मुलं घाईत ५,८०० लिहितात. पाचला दहा मिनिटं कमी असताना तासकाटा पाचाजवळ दिसतो तरी आपण चार पन्नास म्हणतो, तसंच हे. दुसरी चूक कृत्रिम क्षितिजाची. मधलं छोटं विमान स्थिर असतं आणि मागची रेषा हलते. विमान डावीकडे कलतं तेव्हा रेषेचं उजवं टोक खाली जातं, आणि मुलं 'उजवीकडे वळतंय' म्हणून मोकळी होतात. पुठ्ठ्याच्या दोन तबकड्या आणि टाचणी घेऊन ही दोन्ही उपकरणं घरी बनवा, रोज दहा मिनिटं विचारा. महिनाभरात हात बसतो. दिशांचे अंशही पाठ हवेत: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०.

मुलाखत मंडळ पाच दिवसांचं. पहिल्या दिवशी चित्र ३० सेकंद दाखवतात, गोष्ट लिहायला ४ मिनिटं. पुढे ६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंद. मराठी माध्यमाची मुलं इथं मराठीत विचार करून इंग्रजीत उलथा करायला जातात आणि वेळ संपतो. उपाय पाठांतराचा नाही. रोज वीस मिनिटं तिच्याशी साध्या इंग्रजीत तिच्या ओळखीच्या विषयांवर बोला: शेताचं पाणी, एसटीचा पास, वर्गातलं भांडण. तयार उत्तरं घोकून गेलेली मुलं ओळखू येतात, कारण तीन वेगळे परीक्षक वेगवेगळ्या पद्धतीनं तिला बघतात आणि शेवटी एकत्र बसतात.

तिला आपल्या भागातलं माहीत असावं: लोहगावला सुखोई-३०, गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसावर नौदलाची मिग-२९के, नाशिक रोडला लष्कराच्या स्वतःच्या हवाई शाखेचं प्रशिक्षण विद्यालय. वैमानिक तिन्ही दलांत असतात, हे घरच्यांनाही सांगा. आणि 'फायटरच' हा हट्ट सैल करा. हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या अकादमीत सुरुवातीचं उड्डाण पिलाटस विमानावर होतं. लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर हे तिथली कामगिरी आणि दलाची गरज बघून ठरतं.

दोन खड्डे टाळा. अग्निवीरवायूच्या, म्हणजे हवाई दलाच्या चार वर्षांच्या सैनिक भरतीतून वैमानिक होता येत नाही. आणि लाखो रुपये भरून खासगी संस्थेतून व्यावसायिक परवाना काढायची गरज नाही; त्यानं एएफकॅटची वयोमर्यादा २६ पर्यंत वाढते, एवढंच. उड्डाण शिकवायचा खर्च सरकार करतं.

क्लासच्या प्रश्नाकडे येतो. महाराष्ट्र शासनाची मुलींसाठीची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था नाशिकला २०२३ साली सुरू झाली. दहावीनंतर दोन वर्षांची निवासी तयारी तिथं होते. मुलांसाठीची अशीच संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. तुमच्या ठिकाणी मी आधी नाशिकचाच अर्ज बघेन, खासगी क्लास त्यानंतर. प्रवेशाची जाहिरात दहावीच्या वर्षातच येते, त्यामुळे आत्तापासून लक्ष ठेवा. अर्ज तिला स्वतः भरू द्या, तुम्ही शेजारी बसा. जन्मतारीख, दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव ही तिन्ही अक्षरशः जुळतात का ते तिलाच तपासायला लावा. जुळत नसतील तर दुरुस्तीला महिने लागतात, आणि ते काम तुमच्या दोघांच्या हातात आजच आहे.