कूलर गळला, सील आधी फुटलं की नंतर?

प्रश्न : संगणकाच्या प्रोसेसरसाठी स्वस्तातला लिक्विड कूलर (आत द्रव फिरवून थंड ठेवणारा) लावून बघितला. आठव्या महिन्यात गळला, खालचं ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही गेले. पंपाचे स्क्रू काढल्यामुळे वॉरंटीचं सील तुटलं; मी ‘वॉरंटी क्लेम’चे मेल पाठवतोय, पण आता विक्रेता हात वर करतोय. वॉरंटीत फार तर कूलर बदलून मिळेल म्हणतो. काय करावं?

उत्तर : अशी पत्रं हल्ली वरचेवर येतात आणि प्रत्येकाने मोबाइलआधी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलेला असतो. असो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८७ विक्रेत्याच्या बाजूचं आहे. वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाला असेल, तर त्याच्यावर उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीच्या भरपाईचा, दावा चालत नाही. मात्र त्याच वाक्यात ‘हानी झाली त्या वेळी’ असं म्हटलंय. गळती आधी आणि स्क्रू नंतर असेल, तर तुटलेल्या सीलची सबब टिकू नये. हा क्रम सिद्ध करता आला पाहिजे, बाकी सगळं नंतर.

ओल्या कार्डाचा, सील शाबूत दिसणारा फोटो आहे का? असेल तर मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत तो काढल्याची वेळ राहत नाही. तक्रारीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. फोटो नसेल, तर स्क्रू काढण्याआधी विक्रेत्याला पाठवलेला एखादा मेल शोधा.

कूलर धुऊ-पुसू नका, कूलंट (आतला द्रव) भरून पुन्हा चालवू नका, विक्रेत्याकडे परत तर मुळीच पाठवू नका. वाळलेला डाग कुठून सुरू होतो ते बघा. नळी रेडिएटरला (द्रव थंड करणाऱ्या जाळीला) जिथे दाबून बसवलेली असते तिथून असेल, तर उत्तम. तुम्ही काढलेल्या स्क्रूंचा त्या जोडाशी संबंधच नाही. प्रोसेसरवर टेकणाऱ्या तांब्याच्या प्लेटच्या रबरी सीलपासून असेल, तर ‘यांनीच ढिली केली’ हे ऐकायची तयारी ठेवा. गरज पडली तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. रेडिएटर अॅल्युमिनियमचा आणि प्लेट तांब्याची असेल, तर या दोन धातूंमुळे आत धरलेल्या गंजावरून सदोष रचनेचा मुद्दा निघू शकतो, पण ते तज्ज्ञाने लिहून द्यायला हवं.

आता तुमची दुसरी चूक. प्रत्येक मेलमध्ये ‘वॉरंटी क्लेम’ कशासाठी लिहिलंत? ग्राहक कायद्याच्या कलम २(२२) नुसार वॉरंटीच्या अटींचा भंग झाल्याने झालेलं मालमत्तेचं नुकसान ‘हानी’त धरत नाहीत. खुद्द कूलरही त्यात येत नाही. म्हणून कूलरची रक्कम सदोष माल म्हणून मागा, कार्ड-बोर्डाची भरपाई उत्पादन दायित्वाखाली. उत्पादकालाही पक्षकार करा. तो परदेशी असून नोटीस बजावता येत नसेल, तर कलम ८६ खाली विक्रेत्याला धरता येतं.

गळतीची तारीख तुम्ही कळवलेली नाही. कलम ६९ नुसार तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे आणि मेलामेली चालू ठेवल्याने ती वाढत नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच, असं कायदा म्हणतो; त्या भरवशावर नवीन कार्ड उधारीवर घेऊ नका. संगणक धंद्यासाठी घेतला असेल, तर ‘ग्राहक’ ठरण्यावरच वाद होईल, तेव्हा ते आधी कळवा. भरपाई किती मिळेल हे कार्ड-बोर्डाची बिलं आणि दुरुस्तीवाल्याचा लेखी अहवाल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.