बडोद्यात उर्वशी: पाने का करपतात?

प्रश्न : बंगल्याच्या पश्चिम कुंपणालगत उर्वशीचे (Amherstia nobilis या शोभेच्या फुलझाडाचे) कलम लावले. मे महिन्यात पानांच्या कडा करपल्या, नवी पालवी तपकिरी होऊन लोंबते आहे. झाड वाचेल का? – एक वाचक, बडोदे

उत्तर : लोंबत्या पालवीची काळजी नको. उर्वशीची कोवळी पाने तांबूस, मऊ आणि ओल्या रुमालासारखी लटकलेलीच असतात. हिरवी झाली की ताठ होतात. दुखणे आहे ते करपलेल्या कडांचे. हे म्यानमारच्या दमट जंगलातले झाड. बडोद्याचे 40 अंशांपुढचे कोरडे ऊन, तेही पश्चिमेचे, त्याला सोसत नाही. पावसाळा लागताच मातीच्या गड्ड्यासकट पूर्वेला, भिंतीपासून 15 फुटांवर हलवा. खड्डा 3 फूट लांब-रुंद-खोल. काळ्या मातीत पाणी तुंबून मुळे कुजतात, म्हणून निम्म्या मातीऐवजी रेती आणि पानांचे खत घाला. बुंध्याजवळ वीतभर जागा सोडून 4 इंच पालापाचोळा पसरा. उन्हाळ्यात 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर एवढे करूनही कडा करपतील. साठवलेले पावसाचे पाणी द्या. लाल-पिवळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात, तेव्हा बसायचा बाक झाडाजवळच हवा. बी क्वचितच धरते. दुसरे रोप गुटी बांधूनच (झाडावरच्या फांदीची साल काढून, तिथे ओले शेवाळ गुंडाळून मुळे फुटू देऊन) करा. इतकी उस्तवार नको असेल तर सरळ सीताअशोक लावा.